सुवार्ता सांगणे आणि अंतःकरणाचे नवीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती विश्वास इतरांना कसा सांगावा आणि आपले स्वतःचे अंतःकरण कसे बदलावे, हे दोन प्रश्न बहुधा एकाच व्यक्तीच्या मनात एकाच वेळी उभे राहतात. उत्तरे मात्र वेगवेगळी दिली जातात. त्यामुळे काही जण इतरांना सांगता सांगता आतून कोरडे पडतात आणि काही जण स्वतः पूर्ण बदलण्याची वाट पाहत आयुष्यभर गप्प राहतात. म्हणून हे दोन्ही विषय येथे मुद्दाम एकत्र घेतले आहेत.

सुवार्ता सांगायची म्हणजे नेमके काय सांगायचे?

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘युअँगेलिऑन’ हाही याच अर्थाचा असून त्या काळी तो विजयाची किंवा राज्यारोहणाची वार्ता कळवताना वापरला जात असे. बातमी आणि उपदेश यांत मोठा फरक आहे. तुम्ही काय करावे हे उपदेश सांगतो, तर काय घडले आहे हे बातमी सांगते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल ही बातमी थोडक्यात देतो: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि अनेकांना दिसला. पश्चात्ताप, क्षमा, विश्वास आणि नवे जीवन या साऱ्या गोष्टी या घटनेच्या मागोमाग येतात. पुष्कळदा आपण आपल्या मंडळीची शिस्त आणि वर्ज्य गोष्टींची यादीच आधी सांगू लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ख्रिस्ती होणे म्हणजे नियमांचे आणखी एक ओझे डोक्यावर घेणे.

सुवार्ता सांगणे आणि साक्ष देणे यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो समजला तर मनावरचे बरेच दडपण उतरते. ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. तेथील ‘मार्टुस’ हा शब्द न्यायालयातील साक्षीदारासाठी वापरला जाणारा शब्द आहे; पुढे साक्षीपायी प्राण गमावलेल्यांनाही तोच शब्द लागू झाला. साक्षीदाराने आपण जे पाहिले आणि अनुभवले तेवढेच खरेपणाने सांगायचे असते. युक्तिवाद करणे हे वकिलाचे काम आणि निकाल देणे हे न्यायाधीशाचे. आपण ही तिन्ही कामे एकट्याच्या अंगावर घेतो आणि मग थकतो. सुवार्तिक होण्याचे विशेष दान सर्वांना असतेच असे नाही. इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात ते काहींना दिलेले दान म्हणून येते. साक्ष मात्र ज्याच्या जीवनात काही घडले आहे असा कोणीही देऊ शकतो.

आंतरिक नवीकरण म्हणजे काय? नवा जन्म आणि नवीकरण एकच का?

नवीकरण या अर्थाचा ‘अनाकाइनोसिस’ हा ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी आला आहे. तीताला लिहिलेल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात तो नव्या जन्माच्या स्नानाच्या जोडीने येतो आणि ते काम पवित्र आत्म्याचे आहे असे तेथे म्हटले आहे. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात मात्र तो आधीच विश्वास ठेवलेल्या लोकांना उद्देशून येतो: या युगाच्या साच्यात स्वतःला बसवू नका, तर मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्या. म्हणजे नवीकरणाला आरंभ आहे आणि आरंभानंतर चालू राहणारी वाटही आहे. नवा जन्म हा आरंभ, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ४थ्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे अंतर्यामीचा मनुष्य ‘दिवसेंदिवस’ नवा होणे ही त्याची चाल.

रोमकरांस पत्रातील त्या वाक्याचे क्रियापद लक्ष देण्यासारखे आहे. डोंगरावर येशूचे रूपांतर झाले तेव्हा मत्तय आणि मार्क यांनी वापरलेले क्रियापद तेच आहे, आणि ते आज्ञार्थी असूनही कर्मणी आहे. स्वतःला बदला असे पौल म्हणत नाही, तर बदल होऊ द्या असे म्हणतो. आज्ञा आपल्याला आहे, पण काम करणारा दुसराच आहे. आणि ही गाठ सोडवण्याच्या भरात कोणतेही एक टोक तोडून टाकू नये, असे माझे मत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात निकदेम या यहूदी अधिकाऱ्याशी बोलताना येशूने योजलेल्या ‘अनोथेन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमाने पहिलाच अर्थ घेतला आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात कसा परत जाईल, असे विचारले. मात्र निकदेमाला हसून सोडून देऊ नये. रात्री लपून आलेला हा मनुष्य ७व्या अध्यायात आपल्या सहकाऱ्यांपुढे येशूच्या बाजूने एक सावध वाक्य बोलतो आणि १९व्या अध्यायात वधस्तंभावरून उतरवलेल्या देहासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे येतो. काहींचा नवा जन्म असा हळूहळू उजेडात येतो.

बाप्तिस्मा आणि नवा जन्म यांचा संबंध नेमका कसा, याबद्दल ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन परंपरा नवा जन्म बाप्तिस्म्याशी जोडतात, तर बॅप्टिस्ट परंपरेत वैयक्तिक विश्वास आधी येतो आणि बाप्तिस्मा हा त्याचा जाहीर अंगीकार मानला जातो. हा वाद येथे मिटवण्याचा हेतू नाही.

मी स्वतःच पुरता बदललेलो नाही. मग इतरांना सांगण्याचा मला काय अधिकार?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि तो बहुधा प्रामाणिक माणसेच विचारतात. याचे उत्तर शोधताना मी प्रथम स्तोत्र ५१ उघडतो. घोर पाप केलेल्या दाविदाच्या मुखी असलेल्या या स्तोत्रात आधी ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ आणि माझ्या आत स्थिर आत्मा पुन्हा घाल अशी विनवणी आहे, मग तारणाचा हर्ष परत मिळावा अशी मागणी आहे, आणि लगेच पुढच्या वचनात ‘म्हणजे मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन’ असे वचन दिलेले आहे. शिकवण्याचा अधिकार येथे निष्कलंकपणातून आलेला नसून क्षमा मिळाल्यातून आलेला आहे. ज्याला क्षमेची गरजच पडली नाही, त्याच्यापाशी सांगण्यासारखी बातमी तरी कोणती असणार?

दुसरे उदाहरण मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे. १७२८ मध्ये त्यांना इंग्लंडच्या मंडळीत धर्मगुरूची दीक्षा मिळाली होती आणि पुढे ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत सुवार्तेच्या कामासाठी गेले होते. १७३८ च्या आरंभी परत येताना त्यांनी आपल्या रोजनिशीत खेदाने नोंदवले की आपण तेथील मूळ रहिवाशांचे परिवर्तन करायला गेलो, पण आपले परिवर्तन कोण करणार? त्यानंतर काही आठवड्यांनी, आपल्यापाशी विश्वास नाही तर उपदेश थांबवावा का, असे त्यांनी मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथातील पीटर बोहलर या मित्राला विचारले. विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश करा, आणि मग तो मिळाला आहे म्हणून कराल, अशा आशयाचे उत्तर बोहलर यांनी दिले.

हा सल्ला कोणालाही सरसकट द्यावा असा नाही. आपल्या रितेपणाची जाणीव असलेल्या वेस्लींसारख्या माणसाला तो जीवदान ठरतो, पण रितेपणा झाकून बोलणाऱ्याला तोच सल्ला ढोंगाचा परवाना ठरू शकतो. अपुरेपण आणि ढोंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागावर अजून ताबा नसलेला मनुष्य ‘मी या बाबतीत अजून झगडतो आहे’ असे म्हणून साक्ष देऊ शकतो. मात्र घरात दररोज क्रूरपणे वागून बाहेर प्रेमाचा उपदेश करणाऱ्याने आधी घरी जाऊन क्षमा मागावी, हेच योग्य.

दुसऱ्याला सांगितल्याने सांगणाऱ्यामध्येही बदल होतो का?

होतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या विषयाचा हाच सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १०वा अध्याय आपण कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या परिवर्तनाची कथा म्हणून वाचतो. पण बारकाईने वाचले तर त्या अध्यायात आधी प्रेषित पेत्र बदलतो. यहूदी नसलेल्यांच्या घरी पाऊल न ठेवणाऱ्या पेत्राला तीनदा तोच दृष्टान्त दिसतो, तो गोंधळतो, पाहुण्यांना आत घेतो, प्रवास करतो, आणि कर्नेल्याच्या घरी उभा राहून म्हणतो की देव पक्षपाती नाही हे माझ्या आता लक्षात आले. ‘आता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कित्येक वर्षे येशूच्या संगतीत आणि मंडळीच्या पुढारपणात राहिलेल्या प्रेषिताला जे उमगले नव्हते, ते परक्याच्या उंबरठ्यावर उमगले.

याच्या अगदी उलट योना या संदेष्ट्याचे. त्याने निनवेत जो संदेश दिला तो मूळ इब्री भाषेत अवघ्या पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवसांनी निनवेचा नाश होईल. परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर इतका यशस्वी प्रवचनकार शास्त्रात क्वचितच सापडेल, कारण राजापासून रंकापर्यंत सारे नगर पश्चात्ताप करते. आणि प्रवचनकार मात्र नगराबाहेर जाऊन, देवाने त्यांना क्षमा केली म्हणून रुसून बसतो. शब्द त्याच्या ओठांतून गेले, पण अंतःकरणातून गेलेच नाहीत. चार अध्यायांचे ते पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर संपते आणि योनाचे उत्तर आपल्याला कळत नाही. सुवार्तेच्या कामात वर्षानुवर्षे असलेल्या प्रत्येकाने ते अधूनमधून वाचावे.

बोलण्याची सुरुवात कशी करावी?

ऐकण्यापासून. सुवार्तिक फिलिप्प कूशी (आफ्रिकेतील कूश देशाच्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ गेला तेव्हा त्याने आधी तो काय वाचतो आहे हे ऐकले आणि मग ‘आपण वाचता ते आपल्याला समजते काय?’ एवढेच विचारले. त्यानंतर अधिकाऱ्यानेच त्याला वर येऊन बसण्याची विनंती केली, आणि तो जे वचन वाचत होता तेथूनच फिलिप्पाने आरंभ केला. शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशूने प्रथम तिच्याकडे पाणी मागितले. म्हणजे देणारा म्हणून नव्हे, तर घेणारा म्हणून त्याने संभाषण सुरू केले. त्या स्त्रीची नंतरची साक्षही पाहण्यासारखी आहे. तिने ठाम निष्कर्ष मांडला नाही, तर ‘तोच ख्रिस्त असेल काय?’ असा प्रश्न गावापुढे ठेवला, आणि लोक स्वतः पाहायला निघाले.

पाठ केलेली मांडणी निरुपयोगी नसते, पण ती म्हणून दाखवली की समोरच्याला ते लगेच जाणवते. आपल्या जीवनात काय होते, काय घडले आणि आता काय वेगळे आहे, हे चार-पाच वाक्यांत साध्या भाषेत सांगता येते का, हे आधी एकट्याने करून पाहावे. ‘तारण’, ‘कृपा’ आणि ‘अभिषेक’ हे शब्द आपल्या उपासनेत सहज येतात; मंडळीबाहेरच्या व्यक्तीला त्यांचा अर्थ वेगळा लागू शकतो किंवा लागतच नाही.

मला त्यांच्या प्रश्नांची उत्तरे आली नाहीत तर?

‘मला माहीत नाही, मी पाहून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखर पाहून सांगावे. योहानाच्या ९व्या अध्यायात दृष्टी मिळालेल्या आंधळ्याला विद्वानांनी घेरले, तेव्हा मला बरे करणारा पापी आहे किंवा नाही हे मला ठाऊक नाही, मी पूर्वी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे ठाऊक आहे, असे तो म्हणाला. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहण्याची आज्ञा आहे, तेव्हा अभ्यास टाळण्याची सबब म्हणून त्या आंधळ्याकडे बोट दाखवू नये. पण त्याच वाक्यात ते उत्तर सौम्यतेने आणि भीडस्तपणाने द्यावे असेही सांगितले आहे, आणि हा उत्तरार्ध पाठ असलेले लोक तुलनेने कमी भेटतात.

नुसते चांगले वागले तर पुरे नाही का? शब्दांची गरजच काय?

या संदर्भात, नेहमी सुवार्ता सांगा आणि गरज पडली तरच शब्द वापरा, अशा अर्थाचे एक वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर हमखास सांगितले जाते. १२२६ मध्ये निधन पावलेल्या फ्रान्सिस यांच्या लिखाणात ते वाक्य आढळत नाही. सर्व बंधूंनी आपल्या कृतीने उपदेश करावा असे त्यांच्या १२२१ च्या नियमावलीत आहे हे खरे, पण ते स्वतः गावोगाव फिरून तोंडानेही उपदेश करीत असत. वागणूक आपल्या शब्दांना वजन देते, परंतु ख्रिस्त मरण पावला आणि उठला ही बातमी कोणाच्याही सद्वर्तनावरून ओळखता येत नाही. शिवाय निव्वळ आपल्या वागणुकीवर भिस्त ठेवली तर ऐकणाऱ्याचे लक्ष शेवटी आपल्यावरच खिळून राहते.

हे दुसऱ्यावर विश्वास लादणे नव्हे काय?

लादले तर ते निश्चितच चुकीचे आहे. पैसा, नोकरी, उपचार किंवा शिक्षण यांच्या बदल्यात विश्वास मागणे, भीती घालणे, दुःखात असलेल्या व्यक्तीच्या असहायतेचा फायदा घेणे, दुसऱ्याच्या श्रद्धास्थानांची टिंगल करणे, या गोष्टी सुवार्तेच्या स्वभावाविरुद्ध आहेत. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठीची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिन्ही संस्थांनी मिळून ख्रिस्ती साक्षीच्या आचारासंबंधी एक निवेदन प्रसिद्ध केले. एरवी अनेक बाबतींत एकमत नसलेल्या या संस्थांनी फसवणूक आणि सक्ती यांचा त्यात एकमुखाने निषेध केला आहे. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या जाहीरनाम्यात, विश्वासाच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये असे स्पष्ट केले.

गरजवंताला मदत जरूर करावी, पण ती त्याने ऐकले नाही तरीही तशीच चालू राहील अशा रीतीने करावी. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग उलटल्याचे लूक सांगत नाही. समोरच्याने ‘नको’ म्हटले तर थांबावे. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे धावला नाही आणि त्याने अटही सैल केली नाही. मात्र त्याने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क नोंदवतो.

घरातलेच लोक ऐकत नाहीत. काय करावे?

घरच्यांना आपण काय सांगतो यापेक्षा आपण कसे वागतो हे कित्येक वर्षे दिसलेले असते. खुद्द येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान ७व्या अध्यायात लिहितो. प्रसिद्ध ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांची आई मोनिका हिने मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळून प्रार्थना केली. त्याच्याशी वाद घालून त्याला समजवावे अशी गळ तिने एका बिशपांना घातली, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्याला सध्या आहे तसा राहू द्या, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. ३५४ मध्ये जन्मलेले ऑगस्टीन ३८६ मध्ये मिलान येथे ख्रिस्ताकडे वळले आणि पुढच्या वर्षी ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रत्येक मोनिकेला असा दिवस दिसतोच असे मी म्हणणार नाही. पण जेवताना रोज तोच विषय काढण्यापेक्षा काही काळ शांत राहणे अधिक श्रद्धेचे असू शकते, एवढे नक्की.

मला काहीच भावना जाणवत नाहीत. मग माझे नवीकरण झालेलेच नाही का?

भावना हे नवीकरणाचे माप नव्हे. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत, रोमकरांस पत्रावरील धर्मसुधारक मार्टिन लूथर यांची प्रस्तावना वाचली जात असताना वेस्ली यांचे हृदय विलक्षण रीतीने उबदार झाले, हे प्रसिद्ध आहे. त्यानंतरही त्यांच्या मनात शंका येतच राहिल्या, हे तितकेसे प्रसिद्ध नाही.

मग नवीकरण होत आहे हे ओळखावे कसे?

गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे दिली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. त्याच्या आधीची देहस्वभावाच्या कर्मांची यादीही वाचावी. तीत व्यभिचार आणि मूर्तिपूजा आहेतच, पण वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी आणि हेवा यांनी त्या यादीचा मोठा भाग व्यापला आहे. म्हणजे एखादे व्यसन सुटले हा नवीकरणाचा पुरावा आपण लगेच मानतो, पण मंडळीतला जुना तंटा मिटला का, हे विचारत नाही. आपल्यात बदल झाला आहे का, हे आपल्यापेक्षा आपल्याबरोबर राहणाऱ्यांना अधिक अचूक कळते. त्यांना विचारण्याचे धैर्य होत असेल तर तेही एक लक्षणच आहे.

रोजच्या जीवनात नवीकरणासाठी काय करावे?

नवे काही सांगण्यासारखे नाही: शास्त्रवाचन आणि मनन, प्रार्थना, पापाची कबुली, प्रभुभोजन आणि इतर विश्वासणाऱ्यांची सहभागिता. फक्त दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, शास्त्र वाचताना ‘हे कोणाला सांगता येईल’ हा विचार काही वेळ बाजूला ठेवावा, कारण सतत दुसऱ्यासाठी वाचणाऱ्याला स्वतःला उद्देशून आलेले वाक्य ऐकूच येत नाही. दुसरी म्हणजे, कबुली मोघम शब्दांत करू नये. ‘मी पापी आहे’ असे म्हणणे सोपे असते. ‘मी त्याच्याविषयी खोटे बोललो’ असे म्हणताना जीभ अडखळते, आणि नवीकरणाला तेथूनच वाट मिळते.

मी सांगितले, पण कोणीच विश्वास ठेवला नाही. माझे चुकले का?

चुकले असेलही, तपासून पाहावे. पण अथेनैत पौल बोलला तेव्हा काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले आणि थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि हे तिन्ही प्रतिसाद एकाच भाषणाला मिळाले. फिलिप्पैत पौलाचे बोलणे ऐकणाऱ्या लुदिया या स्त्रीबद्दल लिहिताना लूक म्हणतो की प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. पौलाचे स्वतःचे म्हणणे असे की मी लावले, अपुल्लोने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. लावणाऱ्याला उगवलेले पाहायला मिळेल असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

कोणी विश्वास ठेवण्याची इच्छा दाखवली तर पुढे काय करावे?

घाई करू नये आणि त्या व्यक्तीला एकटेही सोडू नये. तिला आपण नेमके कशाला होकार देत आहोत हे समजले आहे का, हे शांतपणे विचारावे. किंमत काय पडू शकते हेही सांगावे, कारण येशूने ती कधी लपवली नाही. तिच्याबरोबर एखादे शुभवर्तमान पहिल्यापासून वाचायला घ्यावे, तिला पाळकांशी आणि विश्वासू मंडळीशी जोडून द्यावे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याने अपुल्लो या उपदेशकाला जवळ करून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, चारचौघांत त्याची चूक काढली नाही, ही रीत येथे उपयोगी पडते.

आणि तिला आपल्यावर अवलंबून ठेवू नये. बाप्तिस्मा होताच आत्म्याने फिलिप्पाला तेथून नेले. कूशी अधिकाऱ्याला तो पुन्हा दिसला नाही, आणि तो अधिकारी हर्ष करीत आपल्या वाटेने चालला.